टॉवेल गेले, आम्ही राहिलो

टॉवेलच्या कारखान्यात टेबल सकाळी पुसा, दुपारी पुसा, संध्याकाळी त्यावर कापसाच्या तुसाचा थर असतोच. आमच्या एक्स्पोर्ट सेक्शनमधले किस्से तसेच साठले. कुणी मुद्दाम जमवले नाहीत, झाडायचे राहून गेले एवढंच. आता सेक्शनच राहिलं नाही, म्हणून म्हटलं निदान किस्से तरी सांगून मोकळं व्हावं.

आधीच सांगते, यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण शेवट गोड वगैरे नाही. मी डॉक्युमेंटेशनला होते. माल निघायच्या आधीच तो कुठे कुठे अडकेल याचा विचार करण्याचा मला पगार मिळायचा. तेव्हा माझ्याकडून उत्साहाची अपेक्षा करू नका.

आम्ही चौघं. मी ज्योती. पॅकिंगला शबाना, जिच्या हाताखाली पंचवीस बायका आणि जिच्या तोंडापुढे मालकसुद्धा गप्प. प्रॉडक्शनला गड्डम सर, विणकरांच्या घरातले. हिशेब तेलुगूत करायचे आणि भांडण मराठीत. आणि डिस्पॅचला भिसेकाका, सांगोल्याकडचे. उभा जन्म सोलापुरात नोकरी केली, पण जीव गावाकडच्या शेळ्यांत.

आमचा माल जायचा ग्रीसला, मिकोनोस नावाच्या बेटावर. तिथल्या हॉटेलांचे पूल टॉवेल, बीच टॉवेल, सगळे आमचे. सोलापुरातल्या हॉटेलांची नावं विचारलीत तर अडखळेन, त्या बेटावरची मात्र झोपेत सांगेन.

*

संक्रांतीला सोलापुरात भरणारी गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती. मालकांनी आम्हा चौघांना केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला. मालकांनी चहा मागवला की समजायचं काहीतरी वाईट आहे. ते म्हणाले, "ऑर्डरी थांबल्या. मेअखेर एक्स्पोर्ट बंद करतोय. तुम्हाला दुसरीकडे चिकटवून देतो, पण एकत्र नाही जमायचं."

गड्डम सर बशीकडे बघत बसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी तुसावर ढकललं. कारखान्यात ती एक सोय आहे.

भिसेकाका म्हणाले, "म्हंजी ते बेट बघायचं ऱ्हायलंच की."

मालकांना वाटलं, काकांच्या डोक्यावर परिणाम झाला. पण आम्हाला बरोबर कळलं. काकांनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता. वर्षानुवर्षं बीच टॉवेलचे ट्रक भरून दिले, पण बीच म्हणजे काय ते फक्त मालाच्या कॅटलॉगात. चौघांनी मिळून एकदा तिथं जायचं, हे दर दिवाळीला ठरायचं आणि दर संक्रांतीला विसरलं जायचं. या वेळी विसरायला पुढची संक्रांत नव्हती.

*

मी आपला व्यवहारी मुद्दा काढला. म्हटलं, काका, समुद्रच बघायचा ना? गणपतीपुळ्याला जाऊ. गोव्याला जाऊ. सकाळी निघून संध्याकाळी पाण्यात पाय.

काका विचारात पडले. मग म्हणाले, "ग्वाव्याला आपलं कोण हाय?"

"आणि मिकोनोसला कोण आहे काका?"

"आसं कसं? समदं हाटेल आपल्या टावेलानं अंग पुसतंय की."

मी पासपोर्टचे अर्ज भरायला घेतले.

*

हॉटेल कुठलं, यावर पॅकिंगच्या टेबलाभोवती बैठक बसली. लोक रेटिंग बघतात, फोटो बघतात. शबाना म्हणाली, "जे हॉटेल सगळ्यात जास्त कम्प्लेंट करतं, तिथंच ऱ्हायचं. एक धागा निघाला तरी फोटो पाठवतात ते. त्यांचं बाथरूम कसं चकाचक असंल, तुम्हीच सांगा."

मुद्दा बिनतोड होता. मी त्या हॉटेलची वेबसाइट उघडली आणि माझं उरलंसुरलं अवसान गळालं. पोहण्याच्या तलावात फेस, फेसात माणसं, माणसांच्या हातात ग्लास, आणि खाली लिहिलेलं की इथं पहाटेपर्यंत संगीत थांबत नाही. मी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मनात म्हटलं, आता तरी शुद्धीवर येतील.

गड्डम सर म्हणाले, "रात्रभर गर्दी असते? मग फारच चांगलं. गड्ड्याच्या जत्रेत आमच्या घरच्या बायका रात्री एकट्या हिंडतात. गर्दी असली की भीती कसली?"

शबानाला पटलं. काकांनाही पटलं. त्यांची एकच शंका होती.

"पाळणं बी असत्याल का वो तितं?"

*

गड्डम सरांनी रविवारी घरच्या टीव्हीवर त्या बीचचा व्हिडिओ लावला. बायको शेजारी, मुली समोर, सासूबाई खुर्चीत. बेताच्या कपड्यातली एक गोरी बाई वाळूत आडवी झालेली. सरांनी व्हिडिओ थांबवला. मोठा केला. अजून मोठा केला. उठून टीव्हीजवळ गेले आणि चष्मा वर करून बघत राहिले.

"बघ, बघ," ते बायकोला म्हणाले, "काठाची शिलाई वाकडी गेलीय. आपलाच लॉट आहे."

त्या बाईच्या अंगाखाली आमचा निळ्या पट्ट्यांचा टॉवेल होता, हे खरं आहे. पण ते फक्त सरांना दिसत होतं.

वहिनी म्हणाल्या, "दिसतंय मला, काय वाकडं गेलंय ते."

मग सरांना येऊ देण्याच्या परवानगीसाठी आम्हा तिघांना त्यांच्या घरी जावं लागलं. शबानानं शिलाई समजावून सांगितली. वहिनींनी ती ऐकून घेतली, पण टीव्हीचा रिमोट सरांना परत मिळाला नाही.

*

काकांना पोहता येतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. गावाकडे ज्या साली विहिरीला पाणी असायचं त्या साली ते पोहायचे, आणि टँकर यायचा त्या साली काठावर बसायचे. एका दुपारी डबा खाता खाता त्यांनी मला हळूच विचारलं, "ज्योतीताई, समिंद्रात उतराय पायऱ्या कुणीकडनं असत्यात?"

मी म्हटलं, पायऱ्या नसतात काका. जमीनच हळूहळू खाली जाते.

"आन चौबाजूनं बांदल्याली नसती?"

"नाही."

"मग पानी ऱ्हातं कसं?"

मी हसले. पण त्या दिवशी बसमध्ये बसल्यावर मला एकदम वाईट वाटलं. या माणसाला हे दाखवायलाच हवं, नाहीतर आपण एवढी वर्षं एकमेकांच्या डब्यातलं उगीच खाल्लं असं वाटायला लागलं. नेमकं जे मनापासून हवं असतं तेच अडकतं, हे मला नोकरीनं शिकवलं होतं. त्यामुळे वाटूनही मी कुणाला बोलले नाही.

*

व्हिसाचा पत्ता नव्हता आणि शबानानं बॅगा भरायला घेतल्या. तिला बॅग भरणं म्हणजे खोकं भरणंच माहीत. प्रत्येक बॅगेवर स्टेन्सिलनं ठिकाणाचं नाव, निव्वळ वजन, एकूण वजन, आणि चारपैकी कितवी ते. काकांच्या बॅगेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती म्हणून तिच्यावर वर जाणारा बाण आणि "ओलाव्यापासून जपा" अशी सूचना.

मी म्हटलं, "शबाना, अगं व्हिसा तर येऊ दे."

"ऑर्डर पक्की व्हायच्या आधी आपण कवा पॅकिंग थांबवलंय का, ताई?"

चारही बॅगा भिंतीशी ओळीत उभ्या राहिल्या. त्या बघून माझीही अक्कल गहाण पडली. इथल्याच नव्या पेठेत जाऊन मी एक गोल हॅट घेतली. पन्नाशीच्या बाईनं, उन्हाळ्यात डोक्यावर पदर घेणाऱ्या गावात.

*

पुण्याला जाऊन आम्ही कागद दिले, अंगठे दिले, फोटो दिले. एकही कागद कमी नव्हता. त्याबाबतीत मी कच्ची नाही. व्हिसावाल्यांना हवं होतं एकच. ही माणसं फिरून झाल्यावर परत येतील ना?

खात्री करायला त्यांनी मालकांना फोन केला. आमचे मालक म्हणजे देवमाणूस. आमचं सेक्शन बंद करावं लागलं याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. त्यांना वाटलं, या निमित्तानं आपण यांच्यासाठी दोन शब्द चांगले बोलावेत.

त्यांनी सांगितलं, "फार कष्टाळू माणसं आहेत हो. आता तर नोकरीचाही पाश नाही. राहू द्या त्यांना निवांत, परत यायची काहीच घाई नाही."

पलीकडच्या बाईनं एकेकाचं नाव घेऊन पुन्हा विचारलं. मालकांनी एकेकासाठी पुन्हा तेच सांगितलं, जास्तच जोर देऊन. भिसेकाकांचं नाव आलं तेव्हा मात्र ते हसले.

"तो? तो कसला राहतोय? त्याच्या शेळ्या व्यायला आल्यात."

आम्हा तिघांना नकार आला. काकांना व्हिसा मिळाला.

मालक हे सगळं स्वतःच आम्हाला सांगत होते, कौतुकानं. काय चुकलं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगून उपयोग काय होता?

*

काका म्हणाले, मी न्हाय जात. एकटा जाऊन काय करू? जायचं तर समद्यांनी, न्हायतर ऱ्हाऊ द्या. दोन दिवस ते डिस्पॅचच्या दारात पाठमोरे बसून होते. त्यांनी आपली बॅगही उघडली आणि चटणी बायकांत वाटून टाकली.

गड्डम सरांनी समजावलं, मी समजावलं. पुण्याचं एक कुटुंब तिकडेच निघालंय, ते विमानात हात धरून नेतील, हेही सांगितलं. काका हलेनात. शेवटी शबाना त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. नेहमीसारखा आवाज चढवला नाही, त्यामुळेच आम्हाला भीती वाटली.

"काका, तुम्ही गेला नाहीत तर त्या बेटावर आपल्यापैकी कुणीच गेलं नाही. मी मरेपर्यंत हेच सांगत बसू का पोरांना, की आम्ही फक्त खोकी भरली?"

काकांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग विचारलं, "आता चटणी कुटनं आनू?"

*

मेचा शेवटचा आठवडा. माग विकले गेले होते आणि ट्रक येऊन एकेक घेऊन जात होता. मोकळ्या पॅकिंग हॉलमध्ये आम्ही तिघं रिकाम्या खोक्यांवर बसलो होतो, उगीच. करायला काही नव्हतं आणि घरी जायला पाय निघत नव्हता. दुपारी शबानाच्या फोनवर काकांचा व्हिडिओ कॉल आला.

अख्ख्या स्क्रीनवर काकांचं तोंड. वाऱ्याचा आवाज एवढा की शब्द उडून जात होते.

"दिसतंय का? ह्ये बगा," काका ओरडून सांगत होते. त्यांनी हात लांब केला आणि फोन हळूहळू फिरवला. आम्हाला त्यांची हनुवटी दिसली, मग कपाळ, मग पुन्हा हनुवटी. कॅमेरा त्यांच्याकडेच होता. "ह्यो हितला निळा येगळा, आन त्यो लांबचा येगळा. आन तितं ती पांढऱ्या शिडाची होडी हाय बगा. दिसली?"

गड्डम सरांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी शबानाकडे पाहिलं. तिनं फोन दोन्ही हातांनी धरला होता.

"दिसली, काका," मी म्हटलं.

"लाट आली बगा. ही बगा. आली, आली... गेली." काकांचा चेहरा ओला होता. डोळे एवढे मोठे झालेले मी त्यांचे कधीच पाहिले नव्हते. मागे कुणीतरी हसत होतं, कुठेतरी गाणी वाजत होती, आणि काका आम्हाला एकेक गोष्ट बोटानं दाखवत होते. ते बोटही आम्हाला दिसत नव्हतं.

बाहेर ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. कुणी उठलं नाही.

शबानानं विचारलं, "डावीकडं काय आहे, काका?"

काकांनी मान वळवली. आम्हाला त्यांचा कान दिसला. बराच वेळ नुसता कानच दिसत राहिला.

"हिकडं बी पानीच हाय," ते म्हणाले.

"दाखवा की मग," शबाना म्हणाली.