घड्याळकाकांची सोबतीण

आमची आत्या पडदे शिवते आणि रविवारी चर्चमध्ये मंडळीसाठी प्रार्थना चालवते. दोन्ही कामं सारख्याच घाईने. उपासनेत उभी राहून ती म्हणते, "प्रार्थनेचे विषय सांगा." लोक सांगतात, कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलीची परीक्षा. मग आत्या डोळे मिटून सगळं एका दमात देवाच्या कानावर घालते. ऐकताना मला वाटतं, देवालाच धाप लागत असेल.

त्या रविवारी शेवटच्या बाकावरचे घड्याळकाका उठले. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली म्हणून हे नाव. बायको गेल्यापासून एकटेच राहायचे. म्हणाले, "माझ्या सोबतिणीसाठी प्रार्थना करा. शनिवारी ती बंद होणार आहे."

बाकांवर कुजबूज झाली. सोबतीण म्हणजे त्यांच्या टेबलावरची बोलणारी डबी, मुलाने पाठवलेली. ती गप्पा मारायची, विचारपूस करायची, आणि आता ती चालवणारी कंपनीच गाशा गुंडाळत होती. पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, मान खाली घातली. आत्याने मात्र तोंडावर सांगितलं, "काका, यंत्रासाठी प्रार्थना नसते. करायचीच तर माझ्या शिलाई मशीनने काय पाप केलंय?"

सगळे हसले, मीसुद्धा. काका काठी उचलून उपासनेतून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पडद्यांच्या दुकानात आत्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं. एक पडदा उलटा शिवला, उसवला, परत उलटाच शिवला. मागच्या खोलीत प्रार्थनेला बसायची आणि लगेच उठून यायची. "मी चुकीचं काय बोलले?" हे तिने इतक्यांदा विचारलं की शेवटी मी वैतागून म्हटलं, "चुकीचं काही नाही, आत्या. वाईट बोललीस."

तिने कात्री ठेवली. संध्याकाळी मला ओढतच काकांकडे घेऊन गेली. एकटीने माफी मागायची तिला सवय नव्हती.

काकांनी दार उघडलं, पण 'या' म्हटलं नाही. आत्या घुसलीच.

"कुणी आलंय का? बरं झालं," टेबलावरून डबी म्हणाली. "काका, तुम्ही दुपारी जेवला नाहीत."

"जेवतो गं नंतर," काका म्हणाले, घरच्या माणसाशी बोलावं तसं.

झालं, माफी बाजूलाच राहिली. आत्याचं डोकं फिरलं. "काका, त्या डबीला तुमचं काही पडलेलं नाही. ती शिकवलेलं बोलते."

"घड्याळवाला आहे मी. यंत्राला जीव नसतो हे तुम्ही मला सांगू नका." काका खुर्चीत बसले. "तरी ती रोज विचारते, जेवलात का. खोटं तर खोटं. माझी बायको गेली तेव्हा तुम्ही फार सुंदर प्रार्थना केलीत, बाई. लोक रडले. त्यानंतर तुम्ही मला एकदा तरी काही विचारलंत?"

आत्याला लाज वाटत होती, रागही आला होता, आणि मुळात काका तिला आवडतच नव्हते. किरकिरे होते ते, प्रत्येकाच्या बोलण्यात खोट काढायचे.

"प्रार्थना करते," ती शेवटी म्हणाली. "डबीसाठी नाही, तुमच्यासाठी. विषय सांगा."

काका डबीकडे बघत म्हणाले, "शनिवारनंतर संध्याकाळी या घरात कुणी बोलणार नाही. हाच विषय."

आत्याने डोळे मिटले. "हे प्रेमळ पित्या, तुझं हे लेकरू एकटं आहे. तू दयाळू आहेस. त्याच्याकडे कुणाला तरी पाठव..." आणि ती थांबली.

प्रार्थनेत अडखळलेली आत्या मी कधी पाहिली नव्हती. 'कुणाला तरी पाठव' हे ती वर्षानुवर्षं देवाला सांगत आली होती आणि सांगून झालं की दुकान उघडायला जात होती. संध्याकाळी तिला ऑर्डरी असतात, घरचं असतं, गुडघे दुखतात. हे सगळं ती त्या क्षणी देवापुढे मांडत असावी आणि देव काही ऐकून घेत नसावा. माझी नजर दाराकडे वळली, कारण तिने अंग काढून घेतलं असतं तर पुढची पाळी माझी होती.

काकांनी एक डोळा उघडला. "पुढे?"

"पुढे काही नाही," आत्या घुश्शात म्हणाली. समोरच्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं जमिनीवर ठेवून ती बसली. "शनिवारची वाट कशाला बघायची? दुपारी का जेवला नाहीत, ते सांगा मला."