तंबू, कयाक आणि समीरचे बाबा

अमेरिकेतल्या रेडमंडहून काही तासांच्या ड्राइव्हवर, नदी समुद्राला मिळते तिथं एक स्टेट पार्क आहे. आम्ही तीन मराठी कुटुंबं दर उन्हाळ्यात तिथं कॅम्पिंगला जातो. येताना गाडीत वाळू येते, तसा एखादा किस्साही येतो. वाळू व्हॅक्यूमनं निघते, किस्से मात्र साचत चाललेत!

*

पहिल्याच वर्षी रेंजरनं बजावलं होतं, खायचं सगळं गाडीत ठेवा, इथं रॅकून फिरतात. आमच्यातल्या नागपूरच्या नितीनला पटलं नाही.

"अरे यार, मांजराएवढा प्राणी, तो काय डबा उघडणार?"

घरून आलेला झणझणीत चिवडा त्यानं टेबलावरच ठेवला. सकाळी झाकण एकीकडे, डबा दुसरीकडे. चिवडा साफ! फक्त मिरच्यांचे तुकडे नीट बाजूला काढलेले.

नितीन म्हणाला, "पुण्याचा दिसतो!"

माझी बायको प्राची पुण्याची. ती शांतपणे म्हणाली, "पुण्याचा असता तर झाकण परत लावून गेला असता."

*

समीर अलिबागचा. त्यामुळे पाण्याबद्दल त्याचा शब्द अंतिम. एकदा कयाक भाड्यानं घेतल्या तेव्हा तो म्हणाला, "जाताना वल्ही मारू, येताना नदीच आपल्याला खाली आणेल."

वर जाणं फारच सोपं गेलं. तिथंच शंका यायला हवी होती! भरती सुरू होती, समुद्राचं पाणी नदीत शिरत होतं. परत फिरल्यावर दंड भरून येईपर्यंत वल्ही मारली.

बऱ्याच वेळानं प्राचीनं विचारलं, "तो ओंडक्यावरचा बगळा आपल्याबरोबर येतोय का?"

बगळा जागचा हलला नव्हता. आम्हीही!

*

मागच्या वर्षी समीरचे आई-बाबा भारतातून आले. आमचे काका-काकू. ओहोटीला लोक परमिट काढून वाळूत शिंपले खणताना दिसले आणि काकूंनी कंबर कसली. "अगं बाई, ह्या तर आपल्या तिसऱ्या!"

परमिट काढलं, खणल्या, बादली तंबूपाशी आली. माझी सात वर्षांची मुलगी वाकून बघत राहिली.

"आजी, आर दे अलाइव्ह?"

कांदा चिरता चिरता काकू म्हणाल्या, "आत्ता आहेत."

त्या दिवशी पोरगी पास्ता जेवली.

*

त्याच ट्रिपमधली ही शेवटची गोष्ट.

काका लहानपणापासून होड्यांत वाढलेले. लाइफ जॅकेट घालून एकटेच कयाक घेऊन निघाले. "इथंच आहे, काठाकाठानं," म्हणाले. आम्ही वाळूत बसून बघत होतो. तेवढ्यात समुद्रावरून धुकं आलं आणि बघता बघता काका दिसेनासे झाले.

त्यात ओहोटी लागलेली. नदीचं पाणी जोरात समुद्राकडे ओढत होतं. आम्ही सगळे एकदम ओरडायला लागलो. "बाबा!" "काका!" काकू "अहो! अहो!" करत काठानं धावत होत्या. उत्तर नाही.

रेंजर बाई धावत आल्या. बोटीसाठी रेडिओवर कळवलं आणि आम्हाला म्हणाल्या, "सगळे ओरडू नका. एकानंच हाक मारा, मग ऐका. त्यांना नावानं हाक मारा."

समीरनं ते आईला मराठीत सांगितलं.

काकू थांबल्या. लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झालेली, त्यांनी काकांना नावानं हाक मारलेली आम्ही काय, समीरनंही कधी ऐकली नव्हती. त्या गुडघाभर पाण्यात गेल्या. साडी भिजली. दोन्ही हात तोंडाशी धरून त्या जिवाच्या आकांतानं ओरडल्या,

"मधुकर!"

नुसता पाण्याचा आवाज.

मग धुक्यातून, अगदी जवळून, काकांचा आवाज आला. "कोण आहे?"

काकू म्हणाल्या, "अहो, मी!"