दाजींच्या डोहातली मरळ

अख्ख्या मराठवाड्यात माशांवर जीव टाकणारा, पण मासा जिभेला न लावणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका आमच्या अक्काच्या नशिबी आला. आमचे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान (गाव त्यांना अप्पा म्हणे), इतके कडक शाकाहारी की अंड्याच्या टरफलावरून बैलगाडी गेली तर चाक धुवून घेतील. पण नदीतली मरळ त्यांना सख्ख्या बहिणीच्या जागी. एकदा आटत्या डबक्यातल्या चार मरळी त्यांनी अक्काच्या लग्नातल्या हंड्यात घातल्या आणि अहमदपूरच्या एसटीत माझ्या मांडीवर ठेवल्या. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय हंड्यात?" दाजी म्हणाले, "लेकुरवाळ्या हायत. डायवरला जरा हळू घ्याया सांगा." निम्मं पाणी माझ्या धोतरानं प्यालं, पण मरळी माझ्यापेक्षा टवटवीत उतरल्या.

लातूर जिल्हा नवा कोरा झाला तेव्हा दुष्काळानं आमची नदी पार संपवली होती. उरला गावाखालचा एक डोह, आणि नदीभरचे मासे त्यात दाटीवाटीनं येऊन राहिलेले. तोही उपसला तर उद्या नदीला पाणी येईल, पण पोहायला कुणी नसेल, हे दाजींनी हेरलं आणि गावात तह घडवला. शेतकऱ्यांनी डोहावर इंजिन लावायचं नाही, भोयांनी जाळं टाकायचं नाही, आणि पाऊस पडेतो भोईवाड्याला घरोघरची ज्वारी. एकमेकांवर विश्वास कुणाचाच नव्हता, म्हणून इंजिनांची हँडलं आणि सगळी जाळी अक्काच्या माजघरात जमा. अक्का म्हणे, "त्या वासापायी देवाची रोज माफी मागायलेय मी!"

अशात नव्या जिल्ह्याचे साहेब टँकरची गरज पाहायला येणार असं ठरलं. साहेबांना मरळ लई आवडते, असं सरपंचांना कुणीसं सांगितलं. पाहुणा नाराज झाला तर टँकर शेजारच्या गावाला जाईल, या धास्तीनं ते जाळं मागायला आले. दाजींनी माजघराला कुलूप घातलं, खुर्ची उचलली आणि थेट डोहात नेऊन टाकली. कमरेएवढ्या पाण्यात बसले.

"अप्पा, गावाला प्याया पाणी न्हाई, अन् तुमाला माशाचं पडलंय!"

"सरपंच, टँकरमधून पाणी येतं, मरळ येत न्हाई."

काठावर गाव गरजत होतं. तेवढ्यात भोईवाड्याची कारभारीण चंद्रामाय पुढं आली. कित्येक महिने तिच्या चुलीवर मासा चढला नव्हता. म्हणाली, "आज साहेबासाठी एक काढली, तर उद्या माझा लेक दुसरी काढंल, परवा तुमचं इंजन लागंल. जाळी आमची हायत. आमी न्हाई टाकणार. साहेबाला पिठलं घाला."

साहेबांनी दोनदा मागून पिठलं खाल्लं, टँकर मंजूर केला आणि हात धुताना म्हणाले, "मासळीचा मला लहानपणापासून कंटाळा." सरपंच आठवडाभर कुणाला दिसले नाहीत.

आता दाजींचे गुडघे गेले, नदीपर्यंत चालवत नाही. पावसाळ्यात चंद्रामाय त्यांच्या खाटेपाशी येऊन बसते आणि डोहाची खबर देते. परवा मी होतो. ती सांगत होती, "काठाला मरळीची लाल पिल्लं, चिक्कार. मूठभर कुंकू सांडल्यावाणी."

दाजींनी डोळे मिटले होते. मला वाटलं, झोपले. मग त्यांनी हळूच विचारलं, "खाली आई हाय का?"

"हाय की अप्पा. मी पाण्यात पाय घातला, तरी हलली न्हाई."