जोडी पुरी करायला घेतलेल्या मावशी

वर्ग झाडायचे, पाणी भरायचं आणि वेळेवर घंटा द्यायची, एवढंच मावशींचं शाळेतलं काम होतं आणि बावीस वर्षं त्यात काही बदल नव्हता. मग तीन वर्षांपूर्वी परकी भाषा शिकवायला एक नव्या बाई आल्या. वीतभर उंची, पण आवाज खणखणीत. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "मावशी, पहिलीच्या वर्गातली सगळी बाकं बाहेर काढायची."

"रंग द्यायचाय का?"

"नाही. शिकवायचंय."

कपाळाला आठ्या घालून मावशींनी बाकं व्हरांड्यात ओढली. पस्तीस मिनिटांनी ती परत आत ओढायची, आठवड्यातून तीनदा. मधल्या वेळात दुसरं काम काढण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्या दाराशी उभ्या राहून आतला धिंगाणा बघायच्या. धिंगाणाच तो! बाई परक्या भाषेत काहीतरी बोलायच्या आणि सहा वर्षांची पोरं या भिंतीकडून त्या भिंतीकडे सुसाट सुटायची. भिंतींवर चित्रं होती, पाव, घोडा, कात्री, घर. जमिनीवर रंगीत खडूची वर्तुळं. एका शब्दाला लाल वर्तुळात उडी, दुसऱ्याला निळ्यात. अर्थ मात्र बाई कधीच सांगायच्या नाहीत. घोडा शिकवायचा तर बूट काढून आधी स्वतः वर्गभर दौडायच्या. "चांगल्या घरच्या दिसतात," मावशी माळ्याला सांगायच्या, "पण डोक्याचा काहीतरी घोटाळा आहे."

दुसऱ्या महिन्यात मावशींची टीका बंद झाली. त्या दिवशी बाईंनी एका गुबगुबीत पोरीचे डोळे रुमालाने बांधले. या पोरीला अजून बुटाची नाडी बांधता येत नव्हती. वर्गात सात खुर्च्या वेड्यावाकड्या मांडल्या आणि बाकीच्या पोरांनी त्या परक्या भाषेत तिला वाट सांगायला सुरुवात केली. दोन पावलं पुढे. थांब. आता डावीकडे. पोर एकाही खुर्चीला धक्का न लावता पलीकडे पोचली. मावशींच्या अंगावर काटा आला. आत्ता आत्तापर्यंत आईचा हात सोडताना रडणारी ही पोरं, आणि आज कधी न बघितलेल्या मुलखातले शब्द एकमेकांच्या पायांखाली वाटेसारखे अंथरत होती. हे येतं कुठून, आणि जातं कुठल्या दाराने आत?

पुढे पोरांची संख्या विषम भरली की बाई मावशींनाच आत ओढू लागल्या. जोडी पुरी व्हायला कुणीतरी हवंच. मावशी लाजत-लाजत उड्या मारायच्या, चित्रांना हात लावायच्या, खुर्च्या उचलायच्या. तोंडातून मात्र चकार शब्द काढायच्या नाहीत. "मला काय कळतंय त्यातलं? पोरं पळाली की मी आपली पळते," असं त्या सगळ्यांना सांगायच्या, आणि त्यांना मनापासून तसंच वाटायचं. दरवर्षी पोरं दुसरीत जायची, मावशी पहिलीतच. "आमची आई तिसऱ्यांदा नापास झाली," असं म्हणून घरी मुलगा चिडवायचा.

पण खालच्या मजल्यावरच्या वर्गाच्या डोक्यावर ही दणदण आठवड्यातून तीनदा आदळत होती. तक्रारी मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे, गेल्या. मोठ्या बाईंनी भाषेच्या बाईंना सरळ सांगितलं, "परीक्षक येणार आहेत. पोरांना काही आलं तर ठीक. नाहीतर पुढच्या सत्रापासून बाकं, पुस्तक आणि दुसऱ्या शिक्षिका." मावशींना त्या दिवसापासून घास गोड लागेना.

परीक्षक आले त्या सकाळी बाकं आतच होती. मोठ्या बाईंनी पोरांना आधीच दम भरला होता, "हाताची घडी, तोंडावर बोट. काही झालं तरी जागचं हलायचं नाही." भाषेच्या बाईंनी कोपऱ्यात उभं राहायचं आणि मध्ये बोलायचं नाही, असं ठरलं होतं. मावशी पाण्याचा तांब्या घेऊन मागे, खिडकीपाशी.

परीक्षक सौम्य गृहस्थ होते. त्यांनी एक परका शब्द उच्चारला आणि विचारलं, "याचा अर्थ काय बरं?" कुणी बोलेना. दुसरा शब्द, तिसरा शब्द. तेवीस पोरं टकमक बघत राहिली. अर्थ त्यांना कुणी सांगितलाच नव्हता. भाषेच्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. परीक्षकांनी कागद उलटला आणि काही वाक्यं वाचली. पोरांच्या मांड्या बाकावर चुळबुळल्या, पण दम आठवून कुणी उठलं नाही. संपलं सगळं, असं मावशींच्या मनात आलं. तांब्या खाली ठेवून त्यांनी खिडकी उघडली.

"मावशी!" मोठ्या बाई कडाडल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं मध्ये लुडबुड करायला?"

"साहेबांनीच की. म्हणाले ना, खिडकी उघडा."

परीक्षकांनी हातातला कागद टेबलावर ठेवला आणि मावशींकडे बघत, कागदावर नसलेलं काहीतरी सावकाश म्हटलं. मावशींनी कोपऱ्यातली लाल खुर्ची उचलून त्यांच्यापुढे आणून ठेवली आणि बाजूला उभ्या राहिल्या. परीक्षकांनी आणखी एक शब्द उच्चारला.

"नको साहेब," मावशी संकोचल्या. "तुमच्यासमोर कशी बसू?"

"मावशी," परीक्षक हळूच म्हणाले, "मी आपल्या भाषेत बोलतच नव्हतो."

मावशींना आधी कळेना. मग कळलं आणि त्यांनी बाकांकडे वळून पाहिलं. पोरं तर हलली नव्हती. मग त्या कुणाच्या मागे पळाल्या होत्या?

"किती शिकलात?" परीक्षकांनी विचारलं.

"दीड वर्ष. मी ढ होते. गुरुजींनी वडलांना सांगितलं, हिच्या डोक्यात काही शिरत नाही, घरीच ठेवा." मावशी खाली बघून बोलत होत्या. "दिवसभर अशीच बसवायचे. हाताची घडी घालून."

मोठ्या बाईंनी वर्गाकडे पाहिलं. तेवीस घड्या, तेवीस बोटं.

"हात सोडा," त्या म्हणाल्या. "आणि उठलात तरी चालेल."

परीक्षकांनी तीच वाक्यं पुन्हा वाचली. एक वाक्य पुरतं संपायच्या आत अख्खा वर्ग खिडकीशी होता, पुढच्याला दाराशी, त्यापुढच्याला घोडे होऊन बाकांच्या मधून. खालच्या मजल्यावर काय झालं असेल ते असो. कागद संपला तरी पोरं थांबेनात, तेव्हा परीक्षक स्वतःच हसत नवीन-नवीन हुकूम सोडू लागले. जाताना त्यांनी मोठ्या बाईंना विचारलं, "हा तास असाच चालू राहील ना?" मोठ्या बाईंनी नुसती मान हलवली, पण होकाराची.

पोरं मधल्या सुट्टीला पळाली. मावशी त्या लाल खुर्चीवर बसल्या होत्या, कधी बसल्या ते त्यांनाही कळलं नव्हतं. पन्नाशी उलटलेलं आपलं डोकं त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं, कुणा परक्याची मौल्यवान वस्तू चुकून आपल्याकडे आल्यासारखं. भाषेच्या बाई जवळ येऊन वाकल्या आणि त्या परक्या भाषेत त्यांनी विचारलं, "रडताय का?"

मावशींनी मनगटाने डोळे पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या भाषेत तोंड उघडून सांगितलं, "नाही."