उताऱ्याखालचा डबा

जुळे सोलापुरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांना जिओकॅशिंगचा नाद आहे. एकाने डबा लपवायचा, दुसऱ्यांनी मोबाइलवरच्या खुणेवरून तो हुडकायचा. हे गृहस्थ डबे लपवतात ते भुताटकीच्या जागी आणि आम्हा शेजाऱ्यांना रात्रीच पिटाळतात. "भुतंबितं काय नसतंय ओ, लोकं उगंच लई भितात की," हे त्यांचं पालुपद. म्हणताना एक डोळा बारीक करतात.

बंद गिरणीमागच्या चिंचेखाली एक बाई दिसते म्हणे. तिथला डबा कुणी पळवू नये म्हणून त्यांनी तो पाल्यात दडवून वर कुंकू लावलेलं लिंबू आणि नारळ ठेवला. उताऱ्याला कोण हात लावतंय?

परवा आम्हाला तो डबा सापडेना, म्हणून ते स्वतः सोबत आले. टॉर्च मारला, तर चिंचेखाली पाच-सहा उतारे. त्यांचा बघून लोकांनी आपापले आणून ठेवले होते.

"तुमचा कुठला?" मी विचारलं.

ते वाकले. हात पुढे केला, थोडा वेळ तसाच धरला आणि खिशात घातला.

सकाळी ॲपवर त्या डब्यापुढे त्यांनी लिहिलं होतं, 'चोरीला गेला.'