आधी पाय, मग कागद

नजमा सिस्टर वॉर्डात आली की कुणाच्या तोंडाकडे बघायची नाही. सरळ खाटेच्या पायथ्याशी जायची, चादर वर करायची आणि पोराचा तळपाय मुठीत धरायची. थोडा वेळ तशीच उभी. मग फाईल उघडायची. "आधी पाय, मग कागद," म्हणायची. "कागदाला थंडी वाजत नाही, काका."

पनवेलच्या त्या इस्पितळात मी माझ्या जाईला घेऊन गेलो तेव्हा ती नऊ वर्षांची होती. लग्नानंतर बावीस वर्षांनी झालेली एकुलती पोर. तिच्या काळजात भोक आहे असं डॉक्टर म्हणाले. मी चौथी शिकलेला, जन्म कळंबोलीच्या बाजारात लोखंड उचलण्यात गेला. भोक असूनही काळीज चालतं कसं, हेच मला कळेना. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं, तर आणखी गोंधळलो. माझी बायको यमुना नुसती मान हलवायची. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय कळला तुला?" ती म्हणाली, "नाय. पन कुनीतरी मान हलवाया नको?"

नजमाचं काम वेगळं. ती जाईला म्हणाली, "तुझ्या घराच्या भिंतीला भोक हाय. गवंडी येणार, बुजवणार. तू झोप काढ." मला म्हणाली, "आणि माझा खरा पेशंट तुम्ही. पोरगी शहाणी आहे."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं बजावलं की मध्यरात्रीनंतर पोरीच्या तोंडात काही जाता कामा नये, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आम्ही पाळलं. पण आमच्या ओवे गावात गावदेवीचा नारळ फोडल्याशिवाय कुणी घराचा पाया खणत नाही, आणि इथे तर पोरीची छाती उघडणार होते. मी पहाटेच गावी जाऊन नारळ फोडला, उजाडता परत आलो. यमुना तोंड धुवायला गेली होती. मी खोबऱ्याचा नखाएवढा तुकडा जाईच्या तोंडात घातला.

थोड्या वेळानं नजमा आली. विचारलं, "तोंडात काही गेलं?"

"नाय," मी म्हणालो. मी खोटं बोललो नाही. प्रसाद म्हणजे काय खाणं असतं?

तिनं सवयीनं तळपाय धरला. जाईला गुदगुल्या झाल्या, ती हसली, आणि दातात पांढरं दिसलं.

"हे काय?"

"देवीचा परसाद."

"गिळला?"

"मंग काय थुकणार?"

ती खाटेवर बसलीच. म्हणाली, "देवीला कळतं हा प्रसाद आहे. भुलीला नाही कळत. बेशुद्धीत उलटून वर आला आणि श्वासात गेला तर?" उठून गेली आणि डॉक्टरांना सांगितलं. ऑपरेशन रद्द झालं. सहा दिवसांनी पुढची तारीख मिळाली.

मी तिला नको ते बोललो. सगळ्या वॉर्डासमोर म्हणालो, "तुला आमच्या देवाचं काय गो कळतं?" यमुनानं माझा हात ओढला. नजमा शांतपणे म्हणाली, "माझ्या बापानं माझ्या भावाला दर्ग्याचं पाणी पाजलं होतं. अशाच सकाळी. तेव्हा कुणी विचारलं नाही." मग पुढच्या खाटेकडे गेली. तिथला पाय धरला.

सहा दिवसांनी तिनं सांगितलं, "नारळ आणा, पण फोडू नका. देव थांबतो, काका. भूल थांबत नाही." तो शेंडीचा नारळ मांडीवर घेऊन मी दिवसभर बाकावर बसलो. दुपार टळल्यावर ऑपरेशन संपलं आणि नजमा आतून आली. आत मशिनी किती असतील, हिनं मात्र तेच केलं असणार.

"पाय गरम आहेत. फोडा आता."

मी इस्पितळाच्या पायरीवरच फोडला. वॉचमन शिव्या देत धावला. नजमानं त्याच्या हातावर खोबरं ठेवलं, तो चघळत जागेवर गेला. जाईला तिचा तुकडा डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, दोन दिवसांनी मिळाला.

घरी निघताना मी दुसऱ्या सिस्टरला म्हणालो, नजमाच्या भावाचं फार वाईट झालं. ती म्हणाली, "तिला भाऊ नाही हो. चार बहिणी." भाऊ होता आणि गेला, की माझी शरम झाकायला तिनं तो तिथल्या तिथे उभा केला? विचारायला परत गेलो तर तिची ड्यूटी संपली होती. पुढे ती नवऱ्याबरोबर आखातात गेल्याचं कळलं. ते विचारायचं राहिलंच.

गेल्या वर्षी यमुना गेली. दुसरं इस्पितळ. डॉक्टर मशिनीकडे बघत होते, रेघा हलत होत्या, मला म्हणत होते, "बाबा, थांबा, प्रयत्न चालू आहेत." मी चादर वर केली आणि तिचे पाय धरले. मला कळलं. कागद बऱ्याच वेळानं आला.

हे शिकवून नजमानं माझं भलं केलं की वाईट, ते मला ठरवता येत नाही. शिकलोच नसतो तर तेवढा वेळ तरी यमुना माझ्यासाठी जिवंत राहिली असती.

जाई आता चौदाची आहे. सकाळी ती झोपेत असताना मी चादर वर करतो आणि तळपाय मुठीत धरतो. ती लाथ मारते. "बाबा, काय रे रोज रोज!"

मारू दे. पाय गरम असतो.