गाडी बंद नव्हती

तेन्माच्या बाजारात माझं टोफूचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लागून कुमेदाचं केस कापायचं. कुमेदा जन्मला तो त्या दुकानाच्या माडीवर, शिकला गल्लीच्या टोकाच्या शाळेत, आणि बायको केली तीही तीन दुकानं सोडून असलेल्या चपलावाल्याची मुलगी. ही गोष्ट घडली तेव्हा ती जाऊन नऊ वर्षं झाली होती. अठ्ठेचाळीस वर्षं हा माणूस एकाच खुर्चीभोवती फिरला, पण तोंड उघडलं की वाटावं सगळं ओसाका याच्या खिशात आहे. सकाळचं गिऱ्हाईक सांगून जायचं, अमक्या ठिकाणी नवी इमारत झाली, तमक्या स्टेशनाला नवा जिना आला. दुपारच्या गिऱ्हाइकाला कुमेदा तेच स्वतः बघून आल्यासारखं सांगायचा. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

सोमवारी आमच्याकडे न्हाव्यांची सुट्टी. बायको गेल्यापासून सोमवार त्याला खायला उठायचा. सकाळी नऊलाच माझ्या दुकानापुढे येऊन रिकाम्या क्रेटवर बसायचा आणि बडबड सुरू. माझे हात पाण्यात, समोर गिऱ्हाईक, आणि हा सांगतोय राजवाड्यात कोण आजारी आहे ते. हाकलणार कसं? शेजारी पडला.

तशाच एका सोमवारी, ऑक्टोबरात, एक म्हातारी दुकानासमोर येऊन थांबली. काळा कोट, पाठीला पिशवी, हातात जांभळ्या कापडात बांधलेला डबा. आधी कमरेत वाकून नमस्कार केला, मग चिठ्ठी पुढे केली.

"ताई, कामात आहात. पण हे इकेदा कुठं आलं हो? दोन वाजता तिथं पोचायचंय."

किनुयो तिचं नाव. ओकी बेटावरची, सत्त्याहत्तर वर्षांची. जन्मात पहिल्यांदा ओसाकाला आली होती, आदल्या रात्री आमच्याच गल्लीतल्या खानावळीत उतरली होती. थोरली बहीण हारुए पंधराव्या वर्षी इथल्या सूतगिरणीत कामाला आली ती इथलीच झाली. आता इकेदाच्या वृद्धाश्रमात होती. आईच्या मातीला दोघी भेटल्या होत्या, त्याला बावीस वर्षं झाली. आश्रमात भेटायची वेळ दोन ते चार, आणि संध्याकाळी सहाला किनुयोची बोटीच्या धक्क्याकडे जाणारी परतीची बस.

आता खरं सांगते. इकेदाचा रस्ता मला तोंडपाठ होता. माझी नणंद तिथे राहायची, दर महिन्याला मी जायची. इथून एक स्टेशन उमेदा, तिथून वर चढून तांबूस रंगाची गाडी, बस्स. चार वाक्यांचं काम. पण माझ्या क्रेटवर कुमेदा बसला होता आणि मला तो उठायला हवा होता.

"आजी, हे आमचे कुमेदा," मी म्हटलं. "ओसाकाची गल्लीन्‌ गल्ली यांना माहीत. आज सुट्टीच आहे त्यांना. नेतील तुम्हाला."

कुमेदा ताडकन उठला. "दोन वाजता ना? अहो, मग साडेनऊलाच तिथे जाऊन काय भिंत बघणार? चला, आधी ओसाका दाखवतो. पहिल्यांदा आलात आणि किल्ला न बघता गेलात तर गावाला काय सांगाल?"

"नको हो, तुम्हाला कशाला त्रास…"

"त्रास कसला! मी रोज फिरतो."

मी मान खाली घालून टोफू कापत राहिले. दोघं गेल्यावर क्रेट आत ओढून घेतलं. केवढं बरं वाटलं होतं मला!

पुढचं मला दीड-दोन महिन्यांनी कळलं, त्याच्याच तोंडून.

सकाळ छान गेली होती. किल्ल्याच्या खंदकाशी म्हातारी किती तरी वेळ उभी राहिली. म्हणाली, "एवढाले दगड बोटीतून आणले असतील? बोट बुडली कशी नाही?" समुद्रावरची बाई, तिला बोटीची काळजी. कुमेदाला ठाऊक नव्हतं, त्यानं ठोकून दिलं, "बुडल्या की! सतरा बुडल्या." ती हळहळली. मग दोतोनबोरीला गेले. तिथल्या गर्दीत तिनं त्याच्या बाहीचं टोक धरलं, लहान मुलीसारखं. तिथे त्यानं तिला गरम ताकोयाकी घेऊन दिले. तिची जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसत सुटली. "ऑक्टोपस आम्ही रोज पकडतो, पण त्याला असं पिठात लपवून ठेवायचं कधी सुचलं नाही बघा."

कुमेदा मला म्हणाला, "टोफूवाली, नऊ वर्षांत कुणी माझी बाही धरली नव्हती. मला वाटलं, दिवस संपूच नये."

दुपारी सव्वा वाजता ते उमेदाला उतरले. आणि तिथे, जमिनीखालच्या त्या बाजारात, कुमेदाचं ओसाका संपलं.

तो तिथे बारा वर्षांत गेलेलाच नव्हता. त्याच्या आठवणीतला जिना भिंतीमागे गेला होता. आठवणीतल्या मिठाईच्या दुकानाजागी चष्म्याचं दुकान. पाट्या सगळीकडे, पण एकीवर बाण वर, दुसरीवर खाली. एकदा वर आले तर भलत्याच रस्त्यावर. पुन्हा खाली. म्हातारीचे गुडघे दुखायला लागले होते, पण डबा ती त्याच्या हातात देईना.

चौकशीच्या खिडकीवरून ते तीनदा गेले. आत टोपी घातलेली मुलगी बसली होती.

"कुमेदासान, तिला विचारू या का?"

"त्या पोरी कालपरवा लागल्यात कामाला. त्यांना काय कळतंय?"

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा चालायला लागली.

अडीच वाजले. तीन वाजले. हा पुढे, ती मागे. त्यानं मागे वळून बघणंच सोडून दिलं होतं, कारण तिच्या तोंडावर राग नव्हता, विश्वास होता. साडेतीनला तिला एका बाकावर बसवून "बघून येतो" म्हणाला आणि कोपऱ्यावरून वळला. तिथे समोरच वर जायचा सरकता जिना होता आणि वर इकेदाच्या गाड्यांची पाटी. सारं सारं समोर. पण आता गाडीला वीस मिनिटं, उतरून पुन्हा बस, पोचेपर्यंत आश्रमाचं दार बंद.

तो जिन्यापाशी थोडा वेळ उभा राहिला. मग परत येऊन तिला म्हणाला, "आजी, काय सांगू, रुळावर कायसं झालंय म्हणे. त्या मार्गावरची गाडी बंद आहे. संध्याकाळपर्यंत काही सुरू होत नाही."

किनुयो लगेच उठून उभी राहिली. "कुणाला लागलं तर नाही ना?"

"नाही… नसावं."

"मग बरं. नशिबात नव्हतं, दुसरं काय. पण तुमचा सुट्टीचा दिवस मी खाल्ला," असं म्हणून ती वाकली, इतकी वाकली की पाठीवरची पिशवी मानेवर आली.

बसथांब्यावर तो तिच्याबरोबर सहापर्यंत थांबला. निघताना तिनं डबा सोडला. आत समुद्रातल्या खडकावरचं काळं शेवाळ गुंडाळलेले भाताचे मोठे गोळे होते. शेवाळ तिनं बेटावरून आणलं होतं, भात खानावळीच्या स्वयंपाकघरात पहाटे उठून केला होता. हारुएला लहानपणी हे आवडायचे. "परत नेले तर नासतील. तुम्ही खा. सकाळपासून माझ्यापायी नीट जेवला नाहीत."

ती बघत होती म्हणून त्याला तिथेच उभ्यानं खावे लागले. "पहिला कसाबसा गेला," कुमेदा मला म्हणाला. "दुसरा तोंडात फिरत राहिला. बस हलली, ती खिडकीतून हात करतेय, आणि मी गाल फुगवून उभा."

जाता जाता ती एक काम सांगून गेली होती. "हारुएताईला फोनवर ऐकू येत नाही. मी का आले नाही, तेवढं तुम्ही कधी जाऊन सांगाल?"

पुढच्या सोमवारी तो गेला. या वेळी चौकशीच्या खिडकीवर पहिल्यांदा थांबला. मुलीनं अर्ध्या मिनिटात रस्ता सांगितला.

आश्रमातली बाई त्याला म्हणाली, "त्या दिवशी हारुएसान जेवण झाल्याझाल्या दाराशी जाऊन बसल्या. चांगला निळा झगा घालून. चार वाजले तरी उठेनात. रात्रीचं जेवण तिथंच नेऊन दिलं."

हारुए चौऱ्याऐंशीची, खुर्चीत एवढीशी झालेली. तिनं याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू कोण?"

"मी… न्हावी आहे."

"मग बघतोस काय? काप की. महिनाभरात कुणी कापले नाहीत."

खऱ्या निरोपाऐवजी तो केस कापून आला. आणि दर सोमवारी जायला लागला. आधी एकटीचे, मग आश्रमातल्या सगळ्यांचे. माझ्या दुकानापुढचं क्रेट रिकामं राहायला लागलं. मी म्हटलं, कुमेदा सुधारला!

डिसेंबरात ओकीहून त्याच्या नावानं पेटी आली. वाळवलेले मासे आणि पत्र. पेटी त्यानं उघडलीच नाही, सरळ माझ्याकडे आणून आपटली. "तू ठेव. मला नको." पत्र मात्र दिलं वाचायला. लिहिलं होतं, 'गाडी बंद पडली त्या दिवशी तुम्ही शेवटपर्यंत माझ्याजवळ थांबलात. आमच्या गावात सगळ्यांना सांगितलं, ओसाकाची माणसं अशी असतात.'

"मग? चांगलंच लिहिलंय की," मी म्हटलं.

तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. माझ्याकडे न बघता, टोफूच्या टाकीतल्या पाण्याकडे बघत.

मी भडकले. "लाज नाही वाटत? विचारलं असतं तर काय मिशी गळून पडली असती? आजच्या आज लिही तिला."

"लिहितो," म्हणाला. लिहिलं नाही. माझ्या चार वाक्यांबद्दल मीही त्याला काही बोलले नाही. दुसऱ्याला ओरडताना आवाज कसा स्वच्छ निघतो.

वर्ष तसंच गेलं. पुढच्या नोव्हेंबरात किनुयोचं कार्ड आलं. गुडघे फार धरलेत, डॉक्टर बोटीचा प्रवास नको म्हणतात, हारुएताईची भेट आता होईलसं वाटत नाही. कुमेदा ते कार्ड घेऊन दुकानात आला आणि माझ्या फोनवरून, माझ्यासमोरच, त्यानं तिला फोन लावला. स्वतःच्या घरातून धीर झाला नसता म्हणे.

"आजी, मी कुमेदा. त्या दिवशी गाडी बंद नव्हती. मी रस्ता चुकलो होतो. मला लाज वाटली म्हणून खोटं बोललो."

पलीकडचा तिचा आवाज मलाही ऐकू आला. "असं होय." आणि फोन खाली ठेवल्याचा आवाज.

त्या वर्षी पेटी आली नाही. नववर्षाचं कार्डही नाही. कुमेदा गिऱ्हाइकांशी बोलेनासा झाला. कुणी म्हणालं, "काका, उमेदाला नवीन काय झालंय हो?" तर तो म्हणायचा, "मला माहीत नाही." लोकांना वाटलं याला बरं नाही.

एप्रिलमध्ये आश्रमातून निरोप आला, किनुयो सोमवारी येतेय. पुतण्यानं गाडी बोटीवर चढवून तिला आणायचं ठरवलं होतं, डॉक्टरांचं न ऐकता. कुमेदा मला म्हणाला, "तू चल. मी एकटा गेलो तर मधूनच पळून येईन." मी मऊ टोफूची बादली घेतली आणि निघाले.

आम्ही पोचलो तेव्हा ती आधीच येऊन बसली होती. हारुएच्या दोन्ही हातांत तिचा एक हात.

"किनु, तू सोमवारी येणार होतीस ना?" हारुए विचारत होती.

"आज सोमवारच आहे, ताई."

"मग एवढा वेळ कुठे होतीस?"

किनुयोनं मान वळवली आणि दारात उभ्या कुमेदाकडे पाहिलं. तो होता तिथेच गुडघ्यावर बसला आणि कपाळ जमिनीला टेकवलं. कात्रीची पिशवी बाजूला पडली.

"उठा," ती म्हणाली. "या वयात गुडघे धरतील. मला विचारा."

तो उठेना.

"गावात मी सगळ्यांना खरं सांगितलं," ती म्हणाली. "सगळे पोट धरून हसले. ओसाकाचा माणूस ओसाकात हरवला म्हणून. मला हसू आलं नाही. मला फार राग आला होता. अजून आहे."

"असू द्या," कुमेदा जमिनीकडे बघतच म्हणाला.

"पण ताई म्हणते, न्हाव्याचा हात हलका आहे. तिचे राहिलेत कापायचे. कापा."

तो उठला. हारुएच्या खांद्यावर त्यानं कापड टाकलं, पण गाठ त्याला जमेना, ती मी मारली. तेव्हा किनुयोनं मला नीट पाहिलं.

"तुम्ही त्या टोफूवाल्या ताई ना? चिठ्ठी मी तुम्हालाच दाखवली होती."

"हो आजी."

"तुम्हालाही माहीत नव्हता का रस्ता?"

सहज विचारलं तिनं. टोचायचा हेतू नव्हता. आणि मी, जिनं कुमेदाला दीड वर्ष नावं ठेवली, ती काय म्हणाले? म्हणाले, "नाही हो आजी. मी कुठे जाते एवढ्या लांब?"

कुमेदाची कात्री क्षणभर थांबली. माझी नणंद इकेदाला राहायची हे त्याला चांगलं माहीत होतं. पण त्यानं हारुएच्या कानामागचे केस सारखे केले, मानेवरचे फुंकून काढले, आणि आरसा तिच्या पुढे धरला.

हारुए त्याच साली थंडी पडायच्या आधी गेली. किनुयो मातीला आली नाही, येऊ शकली नाही. कुमेदा अजून दर सोमवारी तिथे जातो. किनुयोला मी तीनदा पत्र लिहायला घेतलं. पहिलं वाक्य लिहिते, 'रस्ता मला माहीत होता', आणि तेवढ्यात कुणी तरी गिऱ्हाईक येतं.